पाळीवरची नजर : खासगी मातीधरणे आणि त्यांची सुरक्षितता

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयना, उजनी, जायकवाडी उभी राहतात. महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यांना अभियंते असतात, दरवाजे असतात, आणि पावसाळ्यात त्यांच्या पातळीची बातमी रोज छापून येते. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी नाही. नाला अडवून, चर खणून, निघालेली माती काठावर रचून कोणा शेतकऱ्याने, संस्थानाने, कारखान्याने किंवा फळबागवाल्याने आपल्याच जमिनीत बांधलेल्या मातीच्या पाळीविषयी तो आहे. अशा पाळीला नाव नसते, दरवाजा नसतो, आणि फुटेपर्यंत तिची बातमीही होत नाही.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे देशभरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. त्या देवस्थानाची कथाही एका लहानशा पाण्याचीच आहे. एलिचपूरच्या राजाचे कुष्ठ एका डबक्यातल्या पाण्याने बरे झाले आणि पुढे तिथेच मूर्ती सापडली, असे सांगतात. कथेचे काहीही असो, या भागाचा स्वभाव तिच्यात आला आहे. इथे मोठे पाणी नाही. हा मुलूख पाणलोटाच्या धारेवर बसलेला आहे. उत्तरेला उतरणारे पाणी काटेपूर्णेसारख्या नद्यांतून पूर्णेकडे आणि पुढे तापीला जाते, दक्षिणेचे पैनगंगेवाटे गोदावरीच्या खोऱ्यात. धारेवर राहणाऱ्याच्या वाट्याला नदीचे फक्त उगम येतात. पाऊस पडतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. म्हणून इथला माणूस पाणी अडवायचे तर लहान लहान तुकड्यांतच अडवतो. 1972च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर झालेले पाझर तलाव, नंतरचे माती नालाबांध, 2016च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतली शेततळी, आणि कुणाच्याही यादीत नसलेले घरचे बांध हे सगळे त्याच गरजेतून आले.

या लहान पाण्याची उपयुक्तता वादातीत आहे. प्रश्न एवढाच, की त्याची राखण कोणी करायची, आणि ती होते आहे की नाही हे कोणी पाहायचे?

माती पाणी कशी अडवते

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाळीवर येणारा दाब तळ्यात पाणी किती पसरले आहे यावर ठरत नाही, ते किती खोल आहे यावर ठरतो. एक मीटर खोल पाणी पाळीच्या दर मीटर लांबीला साधारण अर्ध्या टनाने ढकलते. पाणी दोन मीटर खोल झाले की हा रेटा दोन टन होतो आणि चार मीटरला आठ टन. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. ‘यंदा पाळ थोडी उचलून घेऊ’ म्हणणाऱ्याने हे गणित ध्यानात ठेवावे. वाढते ती नुसती उंची नव्हे. तिच्यासोबत पायाची रुंदी, उतार आणि सांडवा हे सगळे वाढवावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

दुसरी गोष्ट जमिनीखालच्या आणि जमिनीवरच्या पाण्याची. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्याच्या बाजू एकास एक उताराच्या धरल्या तर त्यात सुमारे 2200 घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटर पाणी मावते. हे तळे पूर्ण खणलेले असेल, पाण्याची पातळी शेताच्या पातळीखाली असेल, तर ते कुणाच्या अंगावर येऊ शकत नाही. त्यात बुडण्याचा धोका असतो आणि त्यासाठी कुंपण हवे, पण तो वेगळा विषय. धोका सुरू होतो तो निघालेली माती भोवती रचून पाणी जमिनीच्या वर चढवले की. त्या क्षणी खड्ड्याचे धरण होते. नाशिक आणि मराठवाड्याच्या फळबागांत एक कोटी लिटरची, प्लास्टिक कागद अंथरलेली तळी उभी राहिली. त्यांतले किती पाणी जमिनीखाली आहे आणि किती नुसत्या पाळीच्या भरवशावर तोललेले आहे, हा त्यांच्या सुरक्षिततेचा पहिला प्रश्न आहे.

मातीची पाळ पूर्णपणे पाणी रोखत नाही, ती पाण्याला फार हळू जाऊ देते. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे मध्ये काळ्या मातीचा गाभा आणि दोन्ही अंगांना मुरमाचे कवच. काळी माती पाणी धरते, मुरूम तिला जागेवर धरून ठेवतो. गाभा खाली टणक थरापर्यंत खंदक खणून रोवलेला असतो, नाहीतर पाणी पाळीच्या पायाखालून वाट काढते. माती वीतभर थरांनी पसरायची, ओलसर करायची, धुम्मसाने किंवा रोलरने दाबायची आणि मग पुढचा थर टाकायचा. यंत्राने दोन दिवसांत ढीग ओतून वरून चाके फिरवलेली पाळ दिसायला तशीच दिसते. आतून ती पोकळ असते.

वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव आहे. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत हात जातो, तशाच भेगा उघड्या काळ्या मातीच्या पाळीलाही पडतात. मृगाचा पाऊस आला, तळे एकदम चढले, आणि भेगा फुगून मिटण्याआधी पाणी त्यांत शिरले तर आतून कोरणे सुरू होते. वर मुरमाचा थर असावा आणि त्यावर गवत असावे, ते यासाठी. पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यात तर सोडियमयुक्त माती मिळते. ती पाण्यात साखरेसारखी विरघळल्यागत सुटते. तिची घरगुती पारख सोपी आहे. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घ्यावे, त्यात मातीचे लहान ढेकूळ अलगद सोडावे आणि दहा मिनिटे हात न लावता पाहावे. ढेकूळ नुसते कोसळले तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती पाळीला वापरू नये. विहिरीचे पाणी घेतले तर त्यातल्या क्षारांमुळे ढग दिसत नाही आणि परीक्षा फसते, म्हणून पाणी पावसाचेच हवे.

फुटण्याच्या वाटा

मातीधरणे का फुटली याच्या जगभरच्या नोंदी पाहिल्या तर सुमारे निम्मी धरणे पाणी माथ्यावरून वाहिल्याने गेली आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक आतून माती वाहून गेल्याने गेली. उतार घसरून गेलेली त्या मानाने थोडी.

माथ्यावरून पाणी वाहिले की मातीची पाळ तासाभरातही जाऊ शकते. काँक्रीट हे सोसते, माती सोसत नाही. त्यावर उपाय एकच, पुरेसा सांडवा. पुरेसा म्हणजे किती? हवामान खाते तासाला शंभर मिलिमीटर पावसाला ढगफुटी म्हणते. तळ्यावरचे पाणलोट क्षेत्र फक्त 25 हेक्टर, म्हणजे बासष्ट एकर धरू. शंभर मिलिमीटरचे तिथे 25,000 घनमीटर पाणी होते. त्यातले साठ टक्के वाहून आले तर तासात 15,000 घनमीटर, म्हणजे सेकंदाला चार हजार लिटरहून अधिक. तळे आधीच भरलेले असेल तर एवढे सगळे सांडव्यावरून गेले पाहिजे. सांडव्यावर पाण्याची जाडी साठ सेंटिमीटर धरली तर रुंदी पाच मीटरांहून जास्त लागते, आणि पाळीचा माथा त्या वाहत्या पाण्याच्याही वर असावा लागतो. घरच्या बांधांना सांडवा म्हणून एखाद-दोन सिमेंटचे पाइप टाकलेले दिसतात, त्यांची आणि या आकड्याची तुलना वाचकांनीच करावी.

सांडवा पुरेसा असला तरी तो मोकळा राहतो असे नाही. पावसाळा सरताना वीतभर पाणी जास्त राहावे म्हणून त्यात रेतीची पोती रचतात. मासे निसटू नयेत म्हणून जाळी लावतात आणि जाळीत काडीकचरा अडकतो. या जाळीची किंमत अमेरिकेतल्या जॉन्सटाउन गावाने मोजली. गावाच्या वर वीसेक किलोमीटरवर साउथ फोर्क नावाचे जुने मातीधरण होते, ते श्रीमंतांच्या एका शिकार-मासेमारी क्लबाने घेतले होते. अँड्र्यू कार्नेगीसारखे उद्योगपती त्या क्लबाचे सभासद. तळातून पाणी सोडण्याचे लोखंडी पाइप आधीच्या मालकाच्या काळात काढून विकले गेले होते, ते पुन्हा बसवले गेले नाहीत. बग्गी जावी म्हणून पाळीचा माथा उतरवला गेला आणि मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसल्या. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले आणि 2209 माणसे मेली. यातला एकेक बदल सुटा पाहिला तर किरकोळ वाटतो. मालकाला त्या त्या वेळी प्रत्येकात सोय दिसली होती.

दुसरी वाट आतली. पाळीतून झिरपणारे पाणी मातीचा एकेक कण घेऊन बाहेर पडते आणि बाहेरच्या टोकापासून मागे मागे बीळ वाढत जाते. ते तळ्यापर्यंत पोचले की सगळे संपते. हे बहुधा पहिल्यांदा तळे भरताना किंवा पहिल्या काही वर्षांत घडते. म्हणून नवे तळे एकाच पावसात काठोकाठ भरू देऊ नये. आतल्या पाइपाभोवतीची जागा सर्वांत कच्ची, कारण पाइपाच्या पोटाखाली माती नीट दाबली जात नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत गेले त्याचे मूळही पाणी सोडण्याच्या अपुऱ्या मोरीत होते. मोरी आतून खचली, तिच्यावरची माती बसली, माथा खाली आला आणि पाणी त्यावरून गेले. मोठ्या सरकारी धरणाला जो नियम लागू पडला तो शेतातल्या सहा इंची पाइपालाही लागू पडतो.

झिरप ओळखण्याची कसोटी शेतकऱ्याच्या हातात आहे. पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी निघणारे पाणी बाटलीत धरावे. ते नितळ असेल आणि महिनोन्महिने तेवढेच राहत असेल तर काळजी थोडी. ते गढूळ असेल, किंवा काल बोटाएवढी धार होती ती आज मनगटाएवढी झाली असेल, तर पाळीतली माती चालली आहे. अशा वेळी स्वाभाविक इच्छा होते ती बाहेरचे तोंड चिखलाने किंवा सिमेंटने बुजवण्याची. तसे कधीही करू नये. कोंडलेले पाणी शेजारून दुसरी वाट काढते आणि आतला दाब वाढतो. त्या तोंडावर आधी जाड रेती, मग बारीक खडी, मग मोठी खडी आणि दगड असे थर टाकावेत, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल. त्याच वेळी पंप लावून, सांडव्याकडची बाजू काळजीपूर्वक उतरवून, जमेल त्या मार्गाने तळ्याची पातळी कमी करावी, आणि खालच्या वस्तीला हाक द्यावी.

खेकड्यांची गोष्ट

2 जुलै 2019च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. ते 2000 साली पूर्ण झालेले लहान मातीधरण होते. खालची भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे मेली. धरण गळत असल्याचे गावकरी आधीपासून सांगत होते. त्यानंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण पोखरल्याचे विधान केले आणि महाराष्ट्रभर त्यांची टिंगल झाली. आंदोलकांनी खेकड्यांना ‘अटक’ करवण्याचे नाटकही करून दाखवले.

ती टिंगल योग्यच होती, पण तिच्यात एक महत्त्वाचा मुद्दा हरवला. मातीच्या पाळीला प्राण्यांच्या बिळांपासून खरोखर धोका असतो. घूस, साळिंदर, घोरपड, उंदीर, खेकडे हे सगळे पाळीत राहतात. मातीधरणांच्या देखभालीच्या पुस्तकांत बिळांवर स्वतंत्र प्रकरणे असतात. बीळ पाळीतला पाण्याचा रस्ता आखूड करते, आणि चार मीटर रुंदीचे काम मग दोन मीटर मातीवर पडते. झाडांचेही तसेच. पाळ पक्की होईल या समजुतीने बाभूळ, कडुनिंब लावतात किंवा उगवलेले राहू देतात. वादळात झाड उन्मळले तर मुळांसकट पाळीचा लचका निघतो. झाड वाळले तर कुजलेल्या मुळांची नळी मागे राहते. पाळीवर दाट, कापलेले गवत असावे, खोड असलेले काही नसावे. जुने मोठे झाड असेल तर ते तोडून मुळे तशीच ठेवणे हाही उपाय नव्हे. तळे रिकामे असताना मुळे काढून ती जागा थरांनी दाबून भरावी लागते.

तेव्हा खेकड्याचे नाव घेणे ही चूक नव्हती. चूक ही, की खेकड्याचे नाव घेतल्यावर प्रश्न संपला असे मानले गेले. वास्तविक तिथेच तो सुरू होतो. खेकडा एका रात्रीत पाळ पोखरत नाही. बिळे दिसतात, ओल दिसते, गळती दिसते. ज्यांना दिसत होते त्यांच्या हातात अधिकार नव्हता, आणि ज्यांच्या हातात अधिकार होता त्यांची पाळीवर रोजची नजर नव्हती. तिवरे धरण सरकारी होते, साउथ फोर्क खासगी. दोन्हीकडे पाहणारा डोळा आणि करणारा हात यांच्यात अंतर पडले होते. माझ्या मते लहान धरणाच्या सुरक्षिततेचा सगळा प्रश्न या अंतराचा आहे.

मालक गेला, पाळ राहिली

हे अंतर कमी असते तेव्हा काय होते आणि वाढले की काय होते, याचे उदाहरण विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव किंवा मामा तलाव म्हणतात. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, या गोंड राजांच्या काळच्या रिवाजातून ते झाले आणि त्यांत कोहळी समाजाचा वाटा मोठा. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. मारुती चितमपल्लींच्या ‘नवेगावबांधचे दिवस’मुळे ते पाणी मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. आपण तिथले पक्षी पाहतो, पण तो जलाशय मुळात डोंगरांच्या मधली खिंड मातीने अडवून केलेला आहे. खासगी मातीधरणच ते.

वऱ्हाडात, म्हणजे आजच्या अकोला-वाशीम भागात, जमीनधारणा रयतवारीच्या धर्तीची होती. तिथे गावाचा मालगुजार नव्हता, आणि धानाऐवजी ज्वारी-कापूस असल्याने तळ्यावाचून अडतही नव्हते. म्हणून इथे अशी परंपरा घडली नाही. पूर्वेकडे मात्र मालगुजाराचे उत्पन्न तलावावर अवलंबून असल्याने पाळीची दुरुस्ती त्याला टाळता येत नव्हती. उन्हाळ्यात गाळ निघे, माती पाळीवर पडे, सांडव्याचे दगड बसवले जात. यात वेठ होती, कुळांची पिळवणूक होती, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. 1950च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ती 1951मध्ये संपली हे न्यायाचेच झाले. तलाव सरकारजमा झाले आणि पुढे बहुतेक जिल्हा परिषदांकडे आले. मासेमारी संस्थांकडे गेली, सिंचनाचा हक्क शेतकऱ्यांकडे राहिला. एकाला पाणी सोडायचे असते, दुसऱ्याला ठेवायचे असते, आणि पाळ दुरुस्त करण्याचे काम मात्र दोघांपैकी कुणाचेच नसते. मालकी संपवताना मालकाची कामे कोणी करायची याची वाटणी नीट झाली नाही. गाळाने भरलेले आणि फुटक्या पाळींचे शेकडो तलाव हा त्याचा हिशेब आहे.

आता आपण उलट दिशेने निघालो आहोत. अनुदानातून लाखाच्या घरात खासगी साठे उभे करतो आहोत. मालक आहे, सातबारा आहे, तळ्याचा फोटो अनुदानाच्या फाइलीत आहे. पण दहा वर्षांनी जमीन विकली गेली, वाटणी झाली, मुलगा पुण्याला गेला, तर पाळीवर कोण फिरेल? मालकी कागदावर हस्तांतरित होते. पाळीवर फिरण्याची सवय तशी हस्तांतरित होत नाही.

कायद्याची फूटपट्टी

खासगी जलाशय फुटून दुसऱ्याचे नुकसान झाले तर काय, हा प्रश्न कायद्यात जुना आहे. इंग्लंडात लँकेशायरच्या एका गिरणीमालकाच्या जलाशयाचे पाणी जुन्या भुयारांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. 1868मध्ये ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ खटल्यात निकाल झाला, की धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, मग त्याची हयगय असो वा नसो. सहाच वर्षांनी, 1874मध्ये, प्रिव्ही कौन्सिलपुढे भारतातला खटला आला. दक्षिणेतल्या कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून मद्रास रेल्वेचे पूल वाहून गेले होते. तिथे कौन्सिलने इंग्लंडचा नियम लावला नाही. हे तलाव प्राचीन आहेत, देशाची शेती त्यांच्यावर चालते, जमीनदाराला ते मोडून टाकण्याची मुभाच नाही, उलट ते राखण्याचे त्याच्यावर बंधन आहे. तेव्हा त्याची हयगय सिद्ध झाली तरच तो जबाबदार, असा त्याचा आशय होता.

या निकालात तलावाच्या धन्याला सूट मिळाली खरी. पण त्यात एक अट दडलेली आहे. सूट मिळते ती राखणदार म्हणून, आणि राखण केली असेल तर. उद्या एखाद्याची पाळ फुटून खालच्याचे घर गेले तर ‘तू काय पाहिलेस, केव्हा पाहिलेस आणि मग काय केलेस’ हाच प्रश्न येणार.

तिवरेनंतर महिन्याभरात, 2 ऑगस्ट 2019 रोजी, धरण सुरक्षा विधेयक लोकसभेत संमत झाले. राज्यसभेची संमती डिसेंबर 2021मध्ये मिळाली आणि 30 डिसेंबर 2021पासून कायदा लागू झाला. तो चांगला कायदा आहे. धरणाचा मालक सरकार असो वा कंपनी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, देखभालीचा खर्च आणि आपत्कालीन आराखडा त्याच्यावर बंधनकारक आहे. पण तो पाहतो ते ‘विनिर्दिष्ट’ धरणांकडे. पायापासून पंधरा मीटरहून उंच धरण त्यात येते. दहा ते पंधरा मीटर उंचीचे धरण ठराविक अटींपैकी एखादी पुरी करत असेल तर येते, जसे की पाचशे मीटर लांबी किंवा दहा लाख घनमीटर साठा. आठ मीटरची पाळ, खाली शंभर पावलांवर वस्ती असली तरी, या कायद्याच्या नजरेत नाही.

उंचीची फूटपट्टी सोयीची आहे, पण पाणी उंची पाहून मारत नाही. वेल्समध्ये डॉल्गारॉग गावाच्या वर एका ॲल्युमिनियम कंपनीचे दोन जलाशय होते. 2 नोव्हेंबर 1925 रोजी वरचे फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे मातीधरण फोडले आणि सोळा माणसे मेली. त्यातून ब्रिटनचा 1930चा जलाशय सुरक्षा कायदा आला. तिथे आज उंचीऐवजी जमिनीच्या वर तोललेल्या पाण्याचे माप धरतात. इंग्लंडात 25,000 घनमीटर, आणि वेल्सने 2016पासून ते 10,000वर आणले आहे. दहा हजार घनमीटर म्हणजे आपले एक कोटी लिटर. एका पाळीने दुसरी फुटण्याचा धोकाही आपल्याला परका नाही. जलयुक्त शिवारानंतर एकाच नाल्यावर ओळीने बांध आहेत. वरचा फुटला तर त्याचे पाणी खालच्याच्या सांडव्यात मावेल असे कुणी मोजलेले नसते.

केनियात सोलाय येथे 9 मे 2018 रोजी खासगी मळ्यावरचे मातीधरण रात्री फुटून चाळीसहून अधिक माणसे गेली. ते मळ्याचे पाणी होते, आणि मेले ते खाली राहणारे शेजारी आणि मजूर. लहान धरणांची सगळी गोष्ट या एका वाक्यात येते. पाणी वापरणारा वर असतो आणि धोका खालच्याच्या वाट्याला येतो.

काय करता येईल

प्रत्येक शेततळ्यावर अभियंता बसवता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. ज्या पाळीखाली फक्त मालकाचेच शेत आहे ती फुटली तर मालकाचे नुकसान होईल, तेवढे त्याने पाहावे. पण पाळीखाली घर, पांदण, शाळा, रस्ता, दुसऱ्याची विहीर किंवा दुसरा बांध असेल तर ते एकट्याचे प्रकरण राहत नाही. ग्रामपंचायतीने अशा पाळींची वेगळी नोंद ठेवावी. मालक कोण, पाळ जमिनीपासून किती उंच, सांडवा किती रुंद, खाली कोणाची घरे, रात्री फोन कोणाला करायचा, एवढ्या पाच रकान्यांची. विदर्भातल्या गावाला धुऱ्याची भांडणे पिढ्यानपिढ्या लक्षात राहतात. या पाच रकान्यांची माहितीही गावात असतेच, ती फक्त लिहिलेली नसते. अनुदान देणाऱ्या खात्याने बांधकामाच्या फोटोसोबत सांडव्याचे माप मागावे, आणि पाच वर्षांनी एकदा त्याच तळ्यावर परत यावे.

मालकाचे काम वर्षातून चारदा पाळीवर चालण्याचे आहे. मे महिन्यात तळे कोरडे असताना भेगा, बिळे, झाडोरा पाहावा आणि सांडवा मोकळा करावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर बाहेरचा पायथा पाहावा. तळे भरलेले असताना झिरप बाटलीत धरावी. दिवाळीच्या सुमारास पाणी उतरू लागते तेव्हा आतला उतार पाहावा, कारण पातळी झपाट्याने उतरली की ओला उतार घसरतो. पाहिलेले तारखेसह वहीत लिहावे. वही चाळीस पानी चालेल. दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की ‘नेहमीचीच गळती’ नेहमीची आहे की वाढती, हे कळते, आणि जमीन हाती बदलली तर सातबाऱ्याबरोबर ती वही नव्या मालकाला देता येते.

‘पाळ’ हा शब्द संस्कृत ‘पालि’वरून आला, त्याचा अर्थ कड, काठ. ‘पाळणे’ वेगळ्या वाटेने आले. शब्दांचे नाते नसले तरी कामाचे आहे. मातीची पाळ गुराढोरांसारखी पाळावी लागते, रोज थोडे लक्ष आणि वर्षातून चार वेळा नीट लक्ष देऊन. या दिवाळीत पाणी अजून पाळीला टेकलेले आहे. वहीचे पहिले पान लिहायला हीच योग्य वेळ आहे.